तिसऱ्यांदा मराठीत

काका, मी तुमची प्रार्थना मोडली नव्हती. हे मला आज सकाळी कळलं, आणि घरी येऊन मी आधी पोटभर जेवले. कालचा भात होता, त्याला फोडणी दिली, वर दही ओतलं आणि ओट्यापाशी उभ्याउभ्याच खाल्ला. सहा महिने घास धड गळ्याखाली उतरत नव्हता, म्हणून सांगते. तुम्हाला जाऊन आठ दिवस झाले आणि ही बया भात हाणतेय, असं कुणी म्हटलं असतं. तुम्ही मात्र म्हणाला असतात, "अगं, कोरडं काय खातेस, लोणचं घे."

खरं सांगू? मला हलकं वाटतंय. तुमचं दुखणं संपलं म्हणून तर वाटतंयच, पण त्याहून जास्त माझं एक ओझं उतरलं म्हणून. स्वार्थी आहे मी, तुम्हाला ठाऊकच आहे. आज कसं काय कळलं ते सांगतेच, पण क्रमाने सांगू द्या. तुम्ही नेहमी म्हणायचात की शास्त्रीणबाई शेवटापासून सुरू करतात आणि मग सगळ्यांना मागे पळवतात.

आपली ओळख मराठी मंडळाच्या दिवाळीत झाली. हायडेलबर्गला येऊन मला जेमतेम दीड महिना झाला होता. विद्यापीठाच्या मेन्साच्या, म्हणजे खानावळीच्या, मागचा हॉल भाड्याने घेतलेला, आत वीस-पंचवीस विद्यार्थी, चार इंजिनिअर कुटुंबं, आणि कोपऱ्यात एप्रन बांधून कांदे चिरणारे एक सत्तरीचे गृहस्थ. डोक्यावर छोटी गोल टोपी. मला वाटलं, कुणाचे तरी सासरे आलेत. तुम्ही विचारलंत, "कुठली गं तू? काय शिकतेस?" मी म्हटलं, सांगलीची, संस्कृत आणि जुनी फारसी करून आलेय, आता डॉक्टरेट करतेय, हिब्रू धर्मग्रंथातल्या फारसी शब्दांवर.

तुम्ही सुरी खाली ठेवलीत.

"हिब्रूत फारसी? अगं, तो देवाचा शब्द आहे. त्यात फारसी कुठून घुसेल?"

"काका, तिथे इराणच्या बादशहांचं राज्य होतं. दोनशे वर्षं."

"असेल. राज्य जमिनीवर होतं."

आणि मग तुम्ही सांगितलंत की तुम्ही रूबेन, रेवदंड्याचे, बेने इस्राएल. घरचा तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव तुम्हाला शनवार तेली म्हणायचं. मी इतकी पुस्तकं वाचून आलेले, आणि हिब्रूतून प्रार्थना करणारा पहिला माणूस मला भेटला तो अलिबागकडची मराठी बोलणारा, हातात कांदा घेतलेला! मला हसूच आलं. तुम्हाला ते आवडलं नाही. तिकडून कुणीतरी ओरडलं, "रूबेनकाका, कांदे!" तेवढ्यावर आपला पहिला वाद मिटला. मिटला कसला, दोन वर्षं चालला.

शनिवारी ट्रामने यायचं, असं ठरलं. तुम्ही शनिवारी ट्रामला हात लावत नाही, म्हणून यायचं मीच. शुक्रवारी थर्मासात भरून ठेवलेला चहा, त्याला दुपारपर्यंत थर्मासचाच वास लागलेला. माझ्या डब्यातली साटोरी किंवा धिरडी. "तुझं बरं, मांसमच्छी नाही, भांड्यांचा घोळ नाही," असं म्हणून तुम्ही निर्धास्त खायचात. आणि मग तोराचा, तुमच्या धर्मग्रंथाच्या पहिल्या पाच पुस्तकांचा, त्या आठवड्याचा भाग. तुमच्या वडिलांची रीत तुम्ही सांभाळली होतीत: प्रत्येक ओळ हिब्रूत दोनदा म्हणायची आणि तिसऱ्यांदा भाषांतर. बाकी ज्यू जगात ते तिसरं वाचन आरामीत, तिकडच्या जुन्या बोलीभाषेत, करतात. पण रेवदंड्याला आरामी कोणाला कळणार? तुमचे वडील तिसऱ्यांदा मराठीत सांगायचे.

"माझी मराठी आता गंजली," तुम्ही म्हणालात. "कारखान्यात चाळीस वर्षं जर्मन, घरी पोरगी जर्मन. तिसरं तू सांग."

मी खुशीत माझी टाचणं काढली. रात्रभर बसून पुठ्ठ्याच्या कार्डांवर भाषांतर लिहून आणलं होतं. तुम्ही हात आडवा केलात. "कागद खाली ठेव. वाचायचं ते फक्त पुस्तकातलं. भाषांतर तोंडाने सांगायचं. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल की हेही देवानेच लिहिलंय." अडीच हजार वर्षांपूर्वी बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, कैदेतून लोक परत आले, तेव्हा त्यांच्या घरात आरामीच बोलली जात होती, बापजाद्यांची हिब्रू पोरांना समजत नव्हती, म्हणून वाचणाऱ्याशेजारी एक सांगणारा उभा राहायचा, हे मी परीक्षेत लिहून आले होते. पण त्या सांगणाऱ्याच्या हातात कागद नसायचा, ही काय चीज असते ते तुमच्या स्वयंपाकघरात कळलं. अहो, घाम फुटायचा मला! आणि शनिवारी लिहायचं नाही, म्हणजे तुम्ही सांगितलेलं काहीही टिपून घ्यायची सोय नाही. परतताना ट्राममध्ये बसल्याबसल्या मी पावतीच्या मागे भराभर खरडायची. माझ्या प्रबंधाचा तिसरा अध्याय अशा पावत्यांवर झालाय.

भांडलो किती आपण. मी म्हणायची, महिन्यांची नावं बाबेलची आहेत. तुम्ही म्हणायचात, ते आमचेच जुने लोक सांगतात, त्यात तू काय दिवे लावलेस? मी म्हणायची, ही चौकोनी अक्षरंसुद्धा आरामी कारकुनांची, जुनी हिब्रू लिपी वेगळी होती. "अक्षरं भांडी आहेत. आतलं बघ." मी म्हणायची, इराणच्या दरबारातल्या त्या राणीच्या गोष्टीत कायद्याला जो शब्द आहे तो इराणी आहे. "मग? इराणच्या कायद्याला इराणी शब्द. मराठीत आपण वकील म्हणतो, म्हणून आपली मराठी बाटली का?" हे बोललात आणि तुमच्याच लक्षात आलं की तुम्ही माझ्या बाजूने बोलताय. लगेच विषय बदलून धिरड्याला नावं ठेवलीत. "मिरची पडली नाही का आज?"

ती सासऱ्या-जावयाची गोष्ट आठवते? दोघं भांडतात, मग समेट करतात, दगडांची रास रचतात. सासरा त्या राशीला आरामीत नाव देतो, जावई हिब्रूत. तोरात तेवढेच दोन शब्द सासऱ्याच्या भाषेत आहेत. मी म्हटलं, बघा, दोन भाषा शेजारी-शेजारी राहात होत्या. तुम्ही म्हणालात, "शेजारी? अगं, सासरा-जावई म्हणजे शेजारी नव्हे. एकमेकांवाचून चालत नाही आणि पटतही नाही." माझ्या प्रोफेसरबाईंना हे मी सांगितलं तर त्या खुर्चीत मागे रेलून हसल्या आणि म्हणाल्या, गेनाऊ, अगदी बरोबर, हे तळटीपेत घाला. मी घातलंय, काका. 'मौखिक माहिती' एवढंच लिहिलंय, तुमचं नाव छापायला तुम्ही परवानगी देत नव्हतात.

एकदाच तुम्ही माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलंत. देवाची आज्ञा मोडली तर डोक्यावरचं आभाळ काशाचं होईल आणि पायाखालची जमीन लोखंडाची, असे शाप आहेत ना तोरात? मी तुम्हाला सांगितलं की असेच शाप असीरियाच्या सम्राटांच्या करारात आहेत. जिंकलेल्या राजांना ते शपथ घ्यायला लावत, की सम्राटावर जिवापाड प्रेम करीन, त्याच्याशिवाय कुणाला मानणार नाही, मानलं तर हे शाप लागोत. जेरुसलेमच्या लोकांनी तो मजकूर ऐकला असणार, कदाचित सहीही केली असणार. आणि मग तीच शपथ, तेच शाप घेतले आणि सम्राटाच्या जागी देव घातला.

मला वाटलं आता थर्मास फेकून मारता. तुम्ही टेबलावर बोट फिरवत राहिलात. छपाईच्या यंत्रांवर आयुष्य घालवलेला माणूस, लोखंड-कासं ओळखीचं. मग म्हणालात, "म्हणजे साहेबाच्याच कागदावर साहेबाविरुद्ध अर्ज केला!" आणि असे हसलात, असे हसलात की वरच्या मजल्यावरून युडिट धावत आली, पापाला काय झालं म्हणून. युडिट, तुमची एकुलती एक. छत्तीस वर्षांची फिजिओथेरपिस्ट, मराठी सगळी कळते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. तुम्ही तिला मराठीत समजावलंत, ती जर्मनमध्ये "हो, हो, पापा" म्हणत राहिली, आणि मला त्या दिवशी वाटलं की जगात माझ्याइतकं नशीबवान कोणी नाही. माझ्या विषयावर हसणारा माणूस मिळाला होता.

तुम्ही एवढे चिवटपणे का भांडता, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या वर्षी तुमच्या पुरिम सणाच्या सुमारास तुम्ही आपणहून बोललात. भाऊ इस्राएलला गेले, तुम्ही इकडे आलात. यंत्रं शिकायला, दोन वर्षांसाठी. मग कारखान्याने ठेवून घेतलं, लेआकाकू आल्या, युडिट झाली. लोक अजून विचारतात, म्हणालात, की ज्यू असून जर्मनीत? "घरी मराठी, शाळेत इंग्रजी, कारखान्यात जर्मन. ज्या भाषेत आमच्या माणसांना मारायचे हुकूम निघाले, त्या भाषेत मी माझ्या पोरीला झोपवायला गोष्ट सांगितली. दुसरी तिला येईना, काय करू? सगळं कुणाचं ना कुणाचं होतं बघ. एवढी एकच भाषा आहे जी कुठल्या राजाने आम्हाला दिली नाही."

हे ऐकूनसुद्धा मी जे केलं, ते केलं. त्याला माफी नाही, असं मी सहा महिने समजत होते.

मार्चमधला दिवस होता, लेआकाकूंचं वर्षश्राद्ध. तुमच्याकडे त्याला काय म्हणतात ते तुम्ही सांगितलं होतंत, पण माझ्या तोंडी वर्षश्राद्धच बसलंय. काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल, तरंगती वात. मी शिरा घेऊन आले होते. त्याच सकाळी माझं कलोक्वियम झालं होतं, सगळ्या विभागासमोर बोलले होते, टाळ्या पडल्या होत्या. अंगात वारं शिरलं होतं माझ्या, दुसरं काय!

तुम्ही दिव्याकडे बघत म्हणालात, "तुझे राजे, सम्राट सगळे मान्य. पण लेआ गेली तेव्हा युडिटला म्हणता येईना, म्हणून गेलेल्या माणसासाठी म्हणायचं ते कद्दिश अकरा महिने मीच म्हटलं. आईवडिलांसाठीही म्हटलं होतं. त्या चार ओळींत तुझा कोणी बादशहा शिरलेला नाही. तेवढं निर्मळ आहे."

आणि मी म्हटलं, "काका, कद्दिश आरामी आहे. अगदी पहिल्या ओळीपासून. साम्राज्याची बाजारातली भाषा."

तोंडातून गेलं ते गेलं. तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं. कसं असणार? रेवदंड्याच्या तुमच्या वडिलांनी ते वहीत देवनागरीत लिहून दिलेलं, तुम्ही दहाव्या वर्षी कानाने पाठ केलेलं. छापील पुस्तकातही तीच अक्षरं. मराठी घरातून आलेल्या माणसाला हिब्रू कुठे संपते आणि आरामी कुठे लागते, हे कोण सांगणार? तुम्ही पुस्तक काढलंत. मी बोट ठेवून दाखवलं! अहो, बोट ठेवून! तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुस्तक मिटलंत.

"शिरा ठेवून जा," म्हणालात. "मी नंतर खाईन."

त्यानंतर चार महिने तुमच्या दारात मला कोणी बोलावलं नाही. मी फोन केला, युडिटने उचलला. "वास हास्ट डू इम गेझाग्ट?" काय बोललीस तू त्यांना? मी सांगितलं. तिला त्यात एवढं काय आहे ते कळलं नाही आणि मला समजावून सांगता आलं नाही. मग मेमध्ये बोरिस भेटले, बाजारात, शतावरीच्या गाडीपाशी. तुमच्या सिनेगॉगमधले बोरिस, ओडेसाचे, तुमच्याशेजारी बसणारे. माझं जर्मन आणि त्यांचं जर्मन, दोन्ही सारखंच मोडकं. ते म्हणाले, हेर रूबेन येतात, शुक्रवारी येतात, शनिवारी येतात. दहा पुरुष लागतात, ते दहावे असतात. पण कद्दिशला तोंड उघडत नाहीत. उभे राहतात आणि गप्प. "आजारी आहेत का?"

मी शतावरी न घेताच घरी आले. घरी फोन करून आईला सांगितलं तर आई म्हणाली, "तू खरं तेच बोललीस ना? मग?" आईला काय सांगू की खरं बोलायलाही जागा-वेळ असते. माणूस ज्या शब्दांनी आपल्या बायकोला निरोप देतो ते शब्द मी त्याच्या तोंडातून काढून घेतले होते, आणि कशासाठी, तर एका तळटीपेसाठी. प्रबंध बाजूला ठेवला. फारसीतलं काही वाचायला घेतलं की पुस्तक मिटून ठेवायची. त्या उन्हाळ्यात गल्लीत घराघरांवर झेंडे लागले होते, फुटबॉलचा वर्ल्डकप होता, लोक मोटारींचे हॉर्न वाजवत नाचत होते, आणि मी खिडक्या लावून बसले होते.

जुलैत तुमचा फोन आला. तुमचाच. आवाज खोल गेलेला.

"शास्त्रीणबाई, क्लिनिकमध्ये आहे. पोटात गाठ निघाली. शनिवारी ये. पुस्तक आण. कागद आणू नकोस."

मी आले. तुम्ही अर्धे झाला होता. युडिट खुर्चीत बसून पाटिएंटनफरफ्यूगुंग भरत होती, नळ्या लावायच्या की नाही, कुठवर लावायच्या, त्याचा कागद. तुम्ही म्हणालात, "हिने मला शेहेचाळीस प्रश्न विचारले. देवाने फक्त दहा आज्ञा दिल्या." मग हिब्रूत एक ओळ, पुन्हा तीच ओळ, आणि माझ्याकडे बघितलंत. मी सांगितली. मध्ये मार्च नव्हताच जणू.

नऊ शनिवार झाले तसे. कद्दिशचं नाव तुम्ही काढलं नाही, मीही काढलं नाही. प्रत्येक वेळी जिन्यावर ठरवायची, आज विचारते: काका, अजून गप्प राहता का? आज पाय धरते. आणि खोलीत आले की तुम्ही काहीतरी खुसपट काढायचात. नर्सबाई रोज चमच्याने जेली भरवते, ती हाडांपासून करतात का विचार. खिडकीतून नेकर नदी दिसते म्हणे, मला तर फक्त पार्किंग दिसतं. मी हसायची आणि धीर गळून जायचा.

एका शनिवारी मी तुमच्या उशाशी बसायला गेले तर म्हणालात, "तिथे नको. तिथे देव बसलाय."

मला वाटलं औषधाने बरळताय.

"अगं, आमचे जुने लोक सांगायचे. एरवी आपली प्रार्थना देवदूत वर पोचवतात, आणि त्यांना आरामी येत नाही. म्हणून हिब्रूतच मागावं. पण आजाऱ्याच्या उशाशी देव स्वतः येऊन बसतो. तिथे कुठल्याही भाषेत बोललं तरी चालतं."

"का?"

"का म्हणजे? साहेब समोर बसलेला असताना शिपायाला कोण विचारतो?"

आरामीचं नाव तुम्ही स्वतःच काढलं होतंत! मी वाट बघत राहिले, की आता बोलाल, आता बोलाल. तुम्ही बर्फाचा खडा मागितलात. मी पायथ्याशी बसून तो तुम्हाला भरवला. हे उत्तर होतं का, हे मला कळेना. माफ केलंत, की नुसती एक गोष्ट सांगितलीत? घरी येऊन मी दोन दिवस तेच चघळत होते.

मग आठ दिवसांपूर्वी तुम्ही गेलात. सकाळी, युडिटचा हात हातात असताना, फारसा त्रास न होता. नळ्या नव्हत्या. तिने तो शेहेचाळीस प्रश्नांचा कागद नीट भरला होता, चांगलं काम केलं पोरीने. दुसऱ्या दिवशी मातीला अकरा पुरुष जमले. बोरिस आणि त्यांचे सगळे रशियन, एक इस्रायली विद्यार्थी, आणि तुमच्या कारखान्यातले दोन म्हातारे जर्मन, ते मोजणीत नव्हते पण टोप्या घालून उभे होते. कद्दिश बोरिसनी म्हटलं. मी बायकांच्यात उभी होते आणि माझी मान वर होईना. एकेक आरामी शब्द ओळखत होते. माणूस मातीत जातोय आणि मी शब्द ओळखतेय, असली विद्या! मनात एकच, की काका, हे तुमच्यासाठी म्हणतायत ते तुम्हाला चालतंय ना? की माझ्यामुळे तुम्हाला परक्यासारखं वाटतंय?

सात दिवस युडिट तुमच्या सुतकाच्या रीतीप्रमाणे खाली बसून होती, आरशावर चादर घालून. मी रोज जात होते, डबा घेऊन. ती मला तिच्या लहानपणचं सांगायची, जर्मनमध्ये. मी मराठीत विचारायची. तुमच्यासारखंच चाललं होतं.

आज सातवा दिवस. सकाळी बोरिस आले, त्यांनी तिला हात देऊन उठवलं आणि सांगितलं, आता बाहेर जायचं, घराभोवती एक फेरी मारायची, मग रोजचं आयुष्य सुरू. आम्ही दोघी निघालो. बेकरीवरून, शाळेच्या कुंपणावरून. ऊन होतं. कोपऱ्यावर युडिट म्हणाली, आल्झो, म्हणजे असं की, तुला एक विचारायचंय. पापा सिनेगॉगमधून आले की आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे आणि बोलायचे. मार्चपासून, ते क्लिनिकमध्ये जाईपर्यंत. दर शुक्रवारी, दर शनिवारी, पुढे-पुढे तर रोज सकाळीसुद्धा. मराठीत. नेहमी तेच. मला वाटायचं मम्माशी बोलतायत, म्हणून मी कधी विचारलं नाही. ऐकून-ऐकून मला पाठ झालंय. ते काय आहे?

"म्हण," मी म्हटलं.

ती थांबली. दोन वर्षांत मी, आणि मला वाटतं छत्तीस वर्षांत तुम्हीही, तिच्या तोंडून एक अख्खं मराठी वाक्य ऐकलं नसेल. तिने डोळे मिटले आणि तो घशातला र काढत म्हटलं, "त्याचं थोर नाव अजून थोर होवो. आपल्या मर्जीने त्याने जी दुनिया केली, त्या दुनियेत." आणि पुढचं. सगळं. शेवटच्या शांतीच्या ओळीपर्यंत, न अडखळता.

काका, मी कुंपण धरलं. सिनेगॉगमध्ये तुम्ही गप्प उभे राहात होता, आणि घरी येऊन तिसरं वाचन करत होता! पहिली दोन तुम्ही साठ वर्षं केली होतीत, अर्थ न कळता, आईसाठी, वडिलांसाठी, काकूंसाठी. तिसरं राहिलं होतं. पुस्तकातलं समोरच्या पानावरचं जर्मन वाचून तुम्ही मराठी जुळवलीत, मला न विचारता. कागदावर न लिहिता, अर्थातच. बाहेर उभ्या असलेल्या तुमच्या पोरीच्या कानात ते गेलं, आणि आता ते तिच्याकडेच आहे.

मी युडिटला सांगितलं हे कद्दिश आहे. ती रडली, मी रडले. एक बाई कुत्रा घेऊन चालली होती, तिने विचारलं सगळं ठीक ना. आम्ही म्हटलं, हो, हो, अगदी ठीक. मग नाक पुसत युडिटने विचारलं, भाषांतर बरोबर आहे का? मी त्या विषयाची शास्त्रीण ना!

मी म्हटलं, एकदम बरोबर, फक्त दोन शब्द मूळचे अरबी. फारसी बोलणाऱ्या बादशहांच्या दरबारातून मराठीत आलेले. मर्जी आणि दुनिया.

आणि बोलता-बोलता माझ्याच लक्षात आलं. तुम्हाला इच्छा हा शब्द ठाऊक होता. सृष्टी ठाऊक होता. मी शनिवारी देवाबद्दल तेच शब्द वापरायची, माझे ते सोवळे शब्द ऐकून तुम्ही हसायचात. हाताशी असलेले ते दोन्ही बाजूला सारून तुम्ही नेमके ते दोन घेतलेत, जे ऐकताच मी बोट ठेवणार हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. बादशहा तुम्ही स्वतः दार उघडून आत घेतलेत, देवाच्या नावाला खेटून बसवलेत. म्हणजे चार महिने, दाराला कडी घालून, तुम्ही देवाशी बोलत होतात आणि मला उत्तर देत होतात.

अहो, मग एक फोन करायला काय झालं होतं?